दोन रुग्णालयांतील पगार, जादा पाळ्या आणि मुलांचा शिक्षणभत्ता : विवरणपत्र भरावेच लागते का?

पाळीतली_परिचारिका (इंदूर), १७ ऑगस्ट २०२५

नमस्कार. मी इंदूरमधील एका खाजगी रुग्णालयात गेली अकरा वर्षे परिचारिका आहे. आजवर माझ्या पगारातून आयकर कधी कापला गेला नाही आणि मीही कधी विवरणपत्र भरले नाही. ‘कर कापला नाही म्हणजे भरायचे काही नाही’ असेच आमच्या सगळ्या सिस्टर मानत आल्या आहेत. या वर्षी मात्र माझ्या मनात शंका आहे, आणि चुकीच्या समजुतीवर आणखी एक वर्ष काढायची माझी तयारी नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये माझ्या मुख्य रुग्णालयाने मला एकूण ६,२४,००० रुपये दिले. त्यांतले ५४,००० रुपये जादा पाळ्यांचे आहेत. कोणी रजेवर गेले की आम्हाला सलग दुसरी ड्यूटी करावी लागते आणि तिचे पाळीमागे १,५०० रुपये मिळतात. अशा छत्तीस पाळ्या मी वर्षभरात केल्या. याशिवाय दोन मुलांचा शिक्षणभत्ता म्हणून दरमहा प्रत्येकी १,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २४,००० रुपये, याच रकमेत आहेत. या रुग्णालयाने फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला) दिला असून त्यात कर शून्य दाखवला आहे.

एप्रिल २०२४ पासून मी घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये महिन्यातून आठ रात्री काम करते. रात्रीमागे १,७५० रुपयांप्रमाणे दरमहा १४,००० आणि वर्षाचे १,६८,००० रुपये थेट बँकेत जमा झाले. तेथे मला नियुक्तिपत्र आहे, हजेरीपटावर सही करावी लागते आणि कोणत्या रात्री यायचे ते तेथील मेट्रन ठरवतात. त्यांनीही कर कापलेला नाही, आणि फॉर्म १६ मागितला तेव्हा ‘तुमचा कर होतच नाही, मग कसला फॉर्म’ असे उत्तर मिळाले.

माझ्या बचत खात्यावर ४,२०० रुपये व्याज जमा झाले. धाकट्या मुलाच्या नावाने आजीने दिलेल्या पैशांची मुदत ठेव आहे, तिचे व्याज ९,३०० रुपये झाले. मुलगा नऊ वर्षांचा आहे, मुलगी तेरा वर्षांची. मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात आम्ही वर्षाला २४,००० रुपये भरतो. दोघांच्या शाळेचा खर्च ७४,००० रुपये झाला, त्यांपैकी १२,००० बसचे आणि उरलेले ६२,००० शिक्षण शुल्काचे. माझा भविष्य निर्वाह निधी ३६,००० आणि कुटुंबाचा आरोग्य विमा १८,००० रुपये.

माझे यजमान पीथमपूरला कारखान्यात आहेत. त्यांचा वर्षाचा पगार ३,७२,००० रुपये आणि ओव्हरटाइमचे १८,००० रुपये. त्यांचाही कर कापला जात नाही.

ओळखीच्या एका एजंटाने सांगितले की जुनी करप्रणाली (जीत दर जास्त पण वजावटी अधिक) निवडून सासूबाईंना घरभाडे दिल्याचे आणि एखाद्या पक्षाला देणगी दिल्याचे दाखवले की काहीच भरावे लागणार नाही. आम्ही सासूबाईंच्याच घरात राहतो आणि भाडे कधी दिलेले नाही. हे मला पटले नाही.

मला दोघांची विवरणपत्रे भरावी लागतील का, मुलांच्या भत्त्यावर आणि फीवर खरोखर सूट मिळते का, आणि मुलाच्या ठेवीचे व्याज कोणाच्या नावावर धरायचे, एवढे जाणत्यांनी सांगावे.

---

राजवाड्याजवळचा (इंदूर)

ताई, माझ्या माहितीप्रमाणे नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत कर नाही, आणि तुमचा कोणताही एक पगार सात लाखांवर जात नाही. दोन्ही ठिकाणच्या हिशेबनिसांनी विचार करूनच कर कापला नसेल. शिक्षणभत्ता हा मुलांसाठी दिलेला भत्ता असल्यामुळे तो करमुक्त असतो, असे आमच्या कार्यालयातही मानले जाते. मुलाच्या नावाची ठेव मुलाची आहे आणि त्याचे उत्पन्न दहा हजारांच्याही आत आहे. तेव्हा विवरणपत्र भरणे ऐच्छिक समजावे असे मला वाटते. पुढे कर्ज काढताना उपयोग होतो म्हणून भरायचे असेल तर जरूर भरा.

---

रामबागेतला_करसल्लागार (इंदूर)

वरील उत्तर सद्भावनेने दिलेले आहे, परंतु त्यातील तिन्ही विधाने दुरुस्त करावी लागतील, कारण त्यांवर विसंबून ताई थांबल्या तर व्याज आणि विलंब शुल्क त्यांनाच भरावे लागेल.

आयकर नोकरीवर नसतो, तो व्यक्तीवर असतो. एका व्यक्तीने वर्षभरात जिथून जिथून पगार घेतला त्या सगळ्याची बेरीज करून मगच कराचा विचार होतो, आणि सात लाखांची ती मर्यादा या बेरजेला लागते, प्रत्येक पगाराला वेगवेगळी नव्हे. आपल्या दोन्ही मालकांनी कर कापला नाही यात त्यांची चूक दिसत नाही. मुख्य रुग्णालयाने ६,२४,००० मधून ७५,००० रुपयांची प्रमाणित (प्रत्येक पगारदाराला सरसकट मिळणारी) वजावट केली, करपात्र उत्पन्न ५,४९,००० आले, त्यावर १२,४५० रुपये कर होत होता आणि कलम ८७ए च्या सवलतीने तो शून्य झाला. नर्सिंग होमच्या दृष्टीने आपला पगार १,६८,००० रुपये, म्हणजे करमुक्त उत्पन्नाच्या मूळ मर्यादेच्याही खाली. एकाला दुसऱ्याची कल्पना नव्हती, आणि ती देण्याचे काम कायद्याने आपल्याकडे ठेवलेले आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी असेल तर कर्मचाऱ्याने त्यांपैकी एका मालकाला फॉर्म १२बी मध्ये दुसऱ्या पगाराचा तपशील द्यावा, म्हणजे तो मालक एकत्रित पगारावर दरमहा कर कापतो, अशी सोय कलम १९२ मध्ये आहे. आपल्याकडे दोन दोन ठिकाणी रात्रपाळ्या करणाऱ्या शेकडो सिस्टर आणि तंत्रज्ञ असतील, पण हा फॉर्म भरलेला मी क्वचितच पाहिला आहे. रुग्णालयांच्या लेखा विभागांनी रुजू होतानाच तो पुढे ठेवला तर या मंडळींचा ऑगस्टमधला मनस्ताप वाचेल, असे मला फार वाटते.

आता आपला हिशेब. दोन्ही पगार मिळून ७,९२,००० रुपये. प्रमाणित वजावट एकदाच मिळते, दोन नोकऱ्या म्हणून दोनदा नाही; तेव्हा ७५,००० वजा करून ७,१७,००० उरतात. येथेच थांबलो असतो तर कर २१,७०० रुपये झाला असता. पण सात लाखांच्या वर थोडीच रक्कम असेल तर त्या वरच्या रकमेपेक्षा अधिक कर घेत नाहीत, या सीमांत सवलतीमुळे तो १७,००० रुपयांवर आला असता. मात्र आपल्याला व्याजही धरावे लागेल. बचत खात्याचे ४,२०० रुपये तर आपलेच. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाच्या ठेवीचे व्याज कलम ६४(१ए) प्रमाणे आई-वडिलांपैकी ज्यांचे उत्पन्न अधिक त्यांच्या उत्पन्नात मिळवले जाते, आणि आपल्या घरी ते आपले आहे. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलागुणांवर मिळवलेले पैसे असते तर ते त्याचेच राहिले असते; आजीच्या पैशांवरचे व्याज त्यात बसत नाही. जुन्या प्रणालीत अशा व्याजातले मुलामागे १,५०० रुपये वगळता येतात, नव्या प्रणालीत तेही नाही. म्हणून ९,३०० पूर्ण धरायचे. एकूण करपात्र उत्पन्न ७,३०,५०० रुपये होते. पहिल्या तीन लाखांवर कर नाही, तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, आणि वरच्या ३०,५०० वर दहा टक्क्यांनी ३,०५०, असे २३,०५० रुपये. या रकमेला सीमांत सवलत लागत नाही, कारण ती साधारण ७,२२,२०० रुपयांच्या उत्पन्नापाशी संपते. चार टक्के उपकर ९२२ मिळवला की आपला कर २३,९७२ रुपये आला.

जुन्या प्रणालीत काय होते तेही करून पाहिले, कारण मुलांच्या सवलतींचा प्रश्न तेथेच येतो. शिक्षणभत्त्यावर सूट आहे, पण मुलामागे महिन्याला केवळ शंभर रुपये आणि तीही दोनच मुलांपुरती. आपल्या २४,००० पैकी २,४०० सुटतात, उरलेले २१,६०० इतर पगारासारखेच करपात्र राहतात. शाळेच्या खर्चापैकी फक्त शिक्षण शुल्क कलम ८०सी मध्ये धरता येते. बस, विकास निधी, देणगी यांतले काहीही चालत नाही. आपले ६२,०००, भविष्य निर्वाह निधीचे ३६,००० आणि सुकन्या खात्याचे २४,००० मिळून १,२२,००० रुपये होतात, जे दीड लाखांच्या मर्यादेत बसतात. त्याशिवाय ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० वृत्तिकर, १८,००० आरोग्य विमा आणि बचत खात्याचे व्याज अशा सगळ्या वजावटी केल्या, मुलाच्या व्याजातले १,५०० वगळले, तरी करपात्र उत्पन्न ६,०४,९०० उरते. जुन्या प्रणालीची सवलत पाच लाखांपाशीच संपत असल्यामुळे उपकरासह ३४,८१९ रुपये कर होतो. म्हणजे मुलांसाठीच्या साऱ्या सवलती घेऊनही आपण जवळजवळ अकरा हजारांनी तोट्यात राहाल. दोन मुलांची फी भरणाऱ्या आईला हे सांगताना मलाही बरे वाटत नाही, पण आपल्या आकड्यांवर नवी प्रणालीच योग्य आहे, आणि तीत शिक्षणभत्ता व शिक्षण शुल्क या दोन्हींची सूट मिळत नाही. सुकन्या खात्यावर जमा होणारे व्याज मात्र दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे, ते निश्चिंतपणे करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवा.

वर्षाचा कर दहा हजारांच्या पुढे गेला आणि तो पगारातून कापला गेला नसला तर अग्रिम कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच, हप्त्यांनी भरायचा असतो. तो न भरल्याबद्दल कलम २३४सी खाली साधारण १,२०२ रुपये आणि ऑगस्टअखेर पैसे भरल्यास कलम २३४बी खाली १,१९५ रुपये व्याज लागेल. सारे मिळून २६,३७० रुपयांच्या आसपास रक्कम भरावी लागेल. सप्टेंबर उजाडला की आणखी एका महिन्याचे व्याज चढते, म्हणून विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली असली तरी पैसे या महिन्यातच भरावेत असे मी सुचवेन.

एजंटाच्या सल्ल्याकडे कृपया फिरकू नका. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी तपासण्या केल्या, त्या नेमक्या अशाच खोट्या घरभाड्याच्या आणि राजकीय देणग्यांच्या वजावटी दाखवून देणाऱ्यांविरुद्ध होत्या. सही आपली असते, एजंटाची नव्हे. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड कलम २७०ए मध्ये आहे.

यजमानांविषयी. त्यांचे एकूण ३,९०,००० मधून ७५,००० गेले की ३,१५,००० उरतात, आणि नव्या प्रणालीत त्या वर्षाची मूळ मर्यादा तीन लाख आहे. कर ७५० रुपये होतो आणि सवलतीने शून्य होतो, परंतु विवरणपत्राचे बंधन सवलतीनंतरच्या करावर ठरत नाही, मर्यादा ओलांडली की लागू होते. ओव्हरटाइमचे १८,००० मिळाले नसते तर ते २,९७,००० वर राहिले असते आणि हे बंधन आले नसते. तेव्हा त्यांनाही भरावे लागेल. दोघांनाही विवरणपत्राचा आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालेल. मुलाचे व्याज मिळवलेले असले तरी ते त्याच फॉर्ममध्ये बसते.

---

निवृत्त_लेखापाल (सुदामानगर, इंदूर)

करसल्लागार महोदयांनी शिक्षणभत्त्याबद्दल लिहिले ते वाचून राहवले नाही, कारण केंद्र शासनाच्या सेवेत लेखा विभागात काम करताना माझी बरीच वर्षे हाच गैरसमज दूर करण्यात गेली.

केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतर मुलामागे दरमहा २,२५० रुपये बालशिक्षण भत्ता मिळू लागला. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांना पोहोचला की हा भत्ता पंचवीस टक्क्यांनी वाढतो असा नियम असल्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२.५० रुपये झाला, म्हणजे वर्षाला ३३,७५० रुपये. शाळेच्या प्रमुखांचा दाखला जोडला की वर्षातून एकदा ही रक्कम एकत्र हाती येते. ती प्रतिपूर्ती म्हणून येत असल्यामुळे कर्मचाऱ्यांना ती उत्पन्न वाटतच नाही. ‘मी शाळेत भरले, शासनाने परत दिले, मग उत्पन्न कुठे झाले’ असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे आणि तो विचारणाऱ्याला मी कधी चूक म्हणू शकलो नाही. परंतु कायद्यात या भत्त्यावरची सूट महिन्याला शंभर रुपयांचीच आहे. जुन्या प्रणालीत मुलामागे १,२०० रुपये सुटतात आणि ३२,५५० करपात्र राहतात. नव्या प्रणालीत सगळेच करपात्र. शासकीय भत्त्यालाही जर हा नियम लागू आहे, तर खाजगी रुग्णालयाच्या भत्त्याला वेगळा नियम असण्याचे कारण नाही. मुले वसतिगृहात असतील तर त्या खर्चाच्या भत्त्यावर दरमहा तीनशे रुपयांची वेगळी सूट जुन्या प्रणालीत आहे. महिन्याच्या शंभर रुपयांत आज मुलाच्या वह्यासुद्धा येत नाहीत, आणि ही मर्यादा वाढवावी असे मला मनापासून वाटते, परंतु आहे तो नियम पाळूनच विवरणपत्र भरायला हवे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मुलाला मिळालेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) खाली करमुक्त असते. पालकाला नोकरीतून मिळणारा शिक्षणभत्ता त्या कलमात येत नाही. नाव सारखे वाटल्यामुळे काही जण भत्ता शिष्यवृत्तीच्या रकान्यात दाखवतात, आणि फॉर्म १६ शी आकडे जुळत नसल्यामुळे विवरणपत्र अडकते.

ताई, आपण एजंटाचे ऐकले नाही याचे मला विशेष समाधान वाटले.

---

रात्रपाळीचा_डॉक्टर (इंदूर)

ज्यांची दुसरी नोकरी ताईंच्या नोकरीसारखी नसेल त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहितो. मी एका रुग्णालयात पगारी वैद्यकीय अधिकारी आहे आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सुट्टीच्या दिवशी बारा बारा तासांच्या पाळ्या करतो. या दुसऱ्या रुग्णालयाशी माझा करार मानधनाचा आहे. वर्षाचे ३,६०,००० रुपये झाले आणि त्यांनी कलम १९४जे खाली दहा टक्के, म्हणजे ३६,००० रुपये कापून घेतले. माझ्या दृष्टीने तेही पाळ्यांचेच पैसे होते, म्हणून गेल्या वर्षी मी आयटीआर-१ भरला आणि ही रक्कम इतर उत्पन्नात दाखवली. काही महिन्यांनी विवरणपत्र सदोष असल्याची कलम १३९(९) ची नोटीस आली आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी लागली. त्या पंधरा दिवसांत मी तीन रात्री ड्यूटीवर होतो आणि कागदपत्रे गोळा करण्यासाठी चौथ्या दिवशी रजा घ्यावी लागली.

मानधन हे व्यवसायाचे उत्पन्न धरले जाते, त्यामुळे आयटीआर-१ चालत नाही. वैद्यकीय व्यवसाय कलम ४४एडीए मध्ये येत असल्यामुळे मी मिळालेल्या मानधनाच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली आणि आयटीआर-४ भरला. प्रमाणित वजावट पगारालाच मिळते, मानधनाला नाही. या कलमाखाली अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो, ही सोय मात्र चांगली आहे. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली : केवळ पगारदार असलेल्याला दरवर्षी विवरणपत्रातच जुनी किंवा नवी प्रणाली निवडता येते, पण व्यवसायाचे उत्पन्न असेल तर जुनी प्रणाली घेण्यासाठी मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. माझ्या दोन मुलांचे शिक्षण शुल्क आणि गृहकर्ज मिळून मला जुनी प्रणाली फायद्याची होती, आणि तो फॉर्म राहिल्यामुळे त्या वर्षी ती घेता आली नाही.

करसल्लागार महोदय, ताईंचे पैसे पगार आहेत की मानधन, हे त्या नर्सिंग होमने कर न कापल्यावरून ठरते का?

---

रामबागेतला_करसल्लागार (इंदूर)

नाही, डॉक्टर. कर कोणत्या कलमाखाली कापला किंवा कापलाच नाही, यावरून उत्पन्नाचा प्रकार ठरत नाही. प्रत्यक्षातले संबंध कसे आहेत ते पाहिले जाते. ताईंना नियुक्तिपत्र आहे, हजेरी आहे, कोणत्या रात्री यायचे ते मेट्रन ठरवतात, आपल्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवण्याची मुभा नाही. हे मालक आणि नोकराचे नाते आहे आणि ते पैसे पगारच आहेत. आपला करार वेगळा आहे, म्हणून आपले उत्तर वेगळे. जादा पाळी स्वीकारतानाच ‘हे पगारात धरणार की मानधन म्हणून देणार’ एवढे लेखी विचारून ठेवले तर पुढचा फॉर्म आपोआप ठरतो.

---

पाळीतली_परिचारिका (इंदूर), १९ ऑगस्ट २०२५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतका कर निघेल असे वाटले नव्हते आणि आकडा पाहून पहिल्यांदा छातीत धस्स झाले, पण आकडे पायरी पायरीने मांडल्यामुळे आम्ही दोघांनी बसून ते स्वतः पुन्हा करून पाहिले आणि तेवढेच आले.

मला आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नर्सिंग होमने फॉर्म १६ दिलेला नाही, तर त्यांचा पगार कशाच्या आधाराने दाखवू? आणि मी दोन्ही ठिकाणी काम चालू ठेवले आहे, तर चालू वर्षासाठी आतापासून काय करावे? यजमानांचाही तोच प्रश्न आहे, कारण कारखान्यात सणासुदीच्या आधी ओव्हरटाइम वाढतो आणि तो दुप्पट दराने मिळतो.

---

रामबागेतला_करसल्लागार (इंदूर)

कर कापलेला नसेल तर फॉर्म १६ देण्याचे बंधन मालकावर नसते, म्हणून त्यांच्याकडून बाराही महिन्यांच्या पगारपावत्या किंवा रुग्णालयाच्या पत्रावर वर्षाच्या रकमेचा दाखला घ्या आणि बँकेच्या नोंदींशी ताडून पाहा. आयकराच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून तेथे काय दिसते तेही पाहा. बँकेचे व्याज तेथे बहुधा दिसेल. एखादी रक्कम तेथे दिसली नाही तरी ती दाखवण्याचे आपले कर्तव्य कमी होत नाही.

कर भरताना चलनावर करनिर्धारण वर्ष २०२५-२६ (आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी हेच असते) आणि स्व-मूल्यांकन कर हे पर्याय निवडा. दरवर्षी माझ्याकडे निदान दोन-तीन जण असे येतात की ज्यांनी वर्ष चुकीचे निवडले, पैसे शासनाकडे जमा झाले आणि विवरणपत्रात मात्र कर बाकी दिसू लागला. विवरणपत्र पाठवल्यावर तीस दिवसांच्या आत आधार ओटीपीने त्याची पडताळणी करा. पडताळणी झाली नाही तर ते भरले असे धरत नाहीत. १५ सप्टेंबर चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबाने भरता येते, पण आपल्याला ५,००० आणि यजमानांना १,००० रुपये शुल्क लागेल, कारण पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ते कमी आहे. उशिरा भरणाऱ्याला जुनी प्रणालीही निवडता येत नाही.

चालू वर्षाची बातमी चांगली आहे. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत मूळ मर्यादा चार लाख झाली आणि बारा लाखांपर्यंत ६०,००० रुपयांची सवलत आली. आपले दोन्ही पगार आणि व्याज एवढेच राहिले तर कर शून्य होईल. मात्र उत्पन्न चार लाखांच्या वर असल्यामुळे विवरणपत्र भरावेच लागेल. यजमानांचे उत्पन्न वजावटीनंतर चार लाखांच्या आत राहिले तर त्यांना पुढच्या वर्षी ते बंधनकारक असणार नाही, परंतु ओव्हरटाइम धरून त्यांचा पगार ४,७५,००० च्या पुढे गेला की पुन्हा लागू होईल, म्हणून मार्चमध्ये त्यांच्या पगारपावत्यांची बेरीज करून पाहा. फॉर्म १२बी मुख्य रुग्णालयाला आताच देऊन ठेवा.

---

पाळीतली_परिचारिका (इंदूर), २४ ऑगस्ट २०२५

काल माझा कर भरला. चलनावर वर्ष दोनदा वाचूनच पुढे गेले. विवरणपत्र रात्री पाठवले आणि लगेच ओटीपीने पडताळणीही केली. मुलाचे ९,३०० रुपये दाखवताना मुलगा शेजारीच बसला होता. त्याचे व्याज आईच्या नावावर का, हे त्याला समजावताना मला स्वतःलाही ते अधिक नीट समजले.

फॉर्म १२बी भरून मुख्य रुग्णालयाच्या लेखा विभागात दिला. तेथील साहेब म्हणाले की या इमारतीत असा फॉर्म देणारी मीच पहिली, आणि त्यांनी त्याची प्रत मागून घेतली, कारण आमच्याच मजल्यावरच्या आणखी चौघी जणी दुसरीकडे रात्री करतात. त्या चौघींना मी उद्या दुपारच्या पाळीनंतर बोलावले आहे. त्यांच्यापैकी एकीचे दुसरे रुग्णालय दहा टक्के कापते असे ती म्हणते, तेव्हा डॉक्टर, तिला आपले उत्तर वाचायला दिले आहे.

यजमानांच्या ओव्हरटाइमच्या मे आणि जूनच्या पावत्या सापडत नव्हत्या, त्या कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून मिळाल्या. त्यांची या आठवड्यात रात्रपाळी आहे. ती संपली की त्यांचेही विवरणपत्र भरायला बसणार आहोत.